ओझं कुठं ठेवायचं?

सामान वाहणारी सायकल करायची म्हटलं की आपण आधी मोठं कॅरिअर शोधतो. आम्हीही तेच केलं आणि फसलो. सरळ बसायची जुनी काळी सायकल घेतली, कॅरिअरवर २० किलोचं पोतं बांधलं. पहिल्याच वळणावर हँडल हलकं झालं, सायकल डुलायला लागली.

आता दूधवाल्यांकडे बघा. ते कॅन वर रचत नाहीत, दोन्ही बाजूंना खाली लटकवतात. ओझं जितकं खाली आणि दोन्हीकडे सारखं, तितका तोल सोपा. म्हणून आम्ही मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकटी लावल्या.

मग चढाचा प्रश्न. पुढे ४४ दाते होते. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं बसवलं. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल आता साडेपाचऐवजी साडेचार मीटर जाते, पण ओझ्यासकट चढ चढते.

राहिला ब्रेक. जुन्या दांडी-ब्रेकचे रबर रिमवर दाबतात. पावसात रिम ओली झाली की पकड जाते. ओझं असताना तर जास्तच धोका. म्हणून पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक घातला. पैसे कमी असतील तर आधी ब्रेक करा. चौकटी पुढच्या महिन्यात लावता येतील.