टेबलावरची जीप (भाग ९) : हवेला वाट द्या

ऑलिव्ह ग्रीन रंगाचे डबे आज उघडायचे ठरले होते. ते पुढच्या रविवारी. इचलकरंजीच्या एका वाचकाने आपली रेझिनची चाकं माझ्याकडे पाठवली आहेत. प्रत्येक चाकाच्या टायरला एकाच जागी भोक आहे. रेझिन बदललं, मिसळण्याचं प्रमाण पुन्हा पुन्हा तपासलं, तरी भोक हटत नाही, असं ते लिहितात. हा प्रश्न मागे ठेवून रंगाकडे वळणं मला पटत नाही.

भोक दरवेळी त्याच जागी येतं, याचा अर्थ दोष रेझिनचा नाही, साच्याचा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या जुन्या मोल्डरला हे चाक दाखवलं, तर तो आधी विचारेल, व्हेंट कुठे ठेवलंय? साच्यात काहीही ओता, आतली हवा कुठून तरी बाहेर पडली पाहिजे. फाउंड्रीतली वाळू थोडी हवा आपल्या कणांमधून सोडते, तरीही मोल्डर तारेने टोचून तिला वाट करून देतोच. आपलं सिलिकॉन रबर तशी हवा जाऊ देत नाही. त्यात बिडाचा रस जड, तो हवेला रेटतो. रेझिन हलकं. मिलिमीटरभराच्या खाचेत बुडबुडा अडला की तिथेच बसतो.

म्हणून साचा करण्यापूर्वी मास्टर, म्हणजे मूळ नमुना, कसा ठेवायचा, यावर निवांत विचार करा. बुडबुडा वर जाणार, तेव्हा न दिसणारी बाजू वर हवी. चाक उभं ओतलं की हवा टायरच्या माथ्याशी, नेमकी नक्षीत जमते. ते आडवं ठेवा, आतली बाजू वर करा आणि ओतायची वाट व व्हेंट दोन्ही त्या बाजूला काढा. जीपची बॉडीही अशीच उलटी, तळ वर करून. बंपरच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र व्हेंट द्या. साच्यात आधी टाल्कम पावडर फिरवून जादा झटकली की रेझिन कोपऱ्यात सहज शिरतं.

बारीक बुडबुडे सगळीकडे पसरलेले असतील, तर मात्र कारण वेगळं. पॉलियुरेथेन रेझिनमधला आयसोसायनेट पाण्याशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात हवेतच इतकं पाणी असतं, की अर्धवट बंद केलेली बाटली काही दिवसांत कामातून जाते. झाकण घट्ट लावा, आणि पावसाची झड लागली असेल तर त्या दिवशी ओतकाम करू नका.

आता जीपवरच्या तोफेची नळी. ही नळी माझ्या फार जिव्हाळ्याची आहे, तेव्हा थोडी जास्त जागा घेतो. १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे धक्का न देणाऱ्या) तोफेने पॅटन रणगाड्यांना भिडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ती १०६ मिमीची तोफ साधारण ३.४ मीटर लांब, आणि खुद्द जीप ३.३ मीटरच्या आसपास! १:७२ प्रमाणात जीप भरते सुमारे ४६ मिमी आणि तोफ ४७. एवढी लांब, बारीक नळी रेझिनमध्ये ओतली तर एप्रिलच्या उन्हाळ्यात वाकते. ती पितळेच्या बारीक नळीचीच करा. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडे विचारून पाहा. नळीवरच्या, नेम साधायच्या स्पॉटिंग रायफलला तार पुरेल.

ब्रीच, म्हणजे तोफेचा मागचा भाग, मात्र रेझिनचा चालेल, पण त्याच्या मागच्या फटी बुजवू नका. बार उडाला की वायूचा मोठा भाग त्या फटींतून मागे सुटतो आणि तोफेचा धक्का तिथेच फिटतो. त्या वाटेमुळेच जेमतेम २१० किलोची तोफ हलक्या जीपवर बसते. अनेक मॉडेलांत हा भाग गुळगुळीत बंद केलेला दिसतो. तशा तोफेचा धक्का जीपला सोसलाच नसता.

देखावा मांडणाऱ्यांनी आणखी एक बघावं. गोळा डागतानाचा क्षण दाखवायचा असेल, तर ब्रीचच्या सरळ मागे ना जवान उभा करायचा, ना दारूगोळ्याच्या पेट्या रचायच्या. मागे सुटणारा झोत माणसाला भाजून काढतो. गोळा भरणारा जवान बाजूला ठेवा, आणि जीपमागची जमीन धुळीने विस्कटलेली दाखवा.