तार कानात, मोजपट्टी गावात

विरारहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलच्या डब्यात नजर फिरवली तर बहुतेकांच्या कानांत काहीतरी असतंच. बरेचसे इयरफोन बिनतारी, डबीतून काढून बसवलेले. पण अलीकडे काही कानांमागून पुन्हा तार वळलेली दिसते. विणलेली केबल, फोनच्या टोकाला लोंबणारं छोटं डोंगल आणि घरी कपाटात याच जातीचे आणखी तीन-चार डबे. ही मंडळी गाणं ऐकता ऐकता ऐकण्याच्या साधनाच्या मागे लागलेली असतात. नंदाखाल, आगाशी, बोळींज, वटार या विरारजवळच्या आमच्या पट्ट्यातही हा नाद पोचला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. या छंदात पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये हे तर सांगायचं आहेच. पण त्याआधी सांगायचं ते हे, की चांगला आवाज कोणता हे ठरवायला लागणारी मोजपट्टी आमच्याकडे गावातच पडून आहे आणि हा नाद लागलेले बहुतेकजण ती वापरतच नाहीत.

सुरुवात सगळ्यांची सारखी. शे-दोनशेचा इयरफोन बिघडतो, कोणी मित्र दीड-दोन हजारांचा ‘आयईएम’ कानात घालून देतो आणि लहानपणापासून ऐकलेल्या गाण्यात मागे वाजणारं मेंडोलिन पहिल्यांदा ऐकू येतं. आयईएम म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारा इयरफोन. तो मुळात रंगमंचावरच्या कलावंतांसाठी होता. १९९५च्या सुमारास जेरी हार्वे या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमवादकासाठी असे इयरफोन बनवले आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी उभी राहिली. त्या वेळी वादकांपुरतं असलेलं हे साधन आज चिनी कंपन्या दोन हजारांत देतात.

ती पहिली उडी खरी असते. दुसरी पाच हजारांची, तिसरी वीस हजारांची. पुढे लाखाच्या वरही माल आहे. प्रत्येक पायरीवर किंमत काही पटींनी वाढते आणि फरक मात्र आधीपेक्षा बारीक होत जातो. तरी माणूस थांबत नाही, कारण कान सरावतो. नवा आवाज चार दिवस नवा वाटतो, मग मेंदू त्यालाच नेहमीचा धरून चालतो. पहिल्या दिवसाचा आनंद परत हवा असेल तर नवा डबा उघडावा लागतो. चांगला इयरफोन आठवड्याभरात ‘सपक’ वाटायला लागतो तो यामुळे, त्यात इयरफोनचा काही दोष नसतो.

चालता चालता गाणं ऐकायची सवय जगाला लावली ती सोनीच्या वॉकमनने, १ जुलै १९७९ला. किंमत ३३,००० येन. मशीनइतकीच महत्त्वाची होती त्याच्याबरोबर आलेली जेमतेम ४५ ग्रॅमची हेडफोनची जोडी. त्याआधीचे हेडफोन डोक्यावर जाणवण्याइतके जड असत. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं दबायचं आणि समोरच्याचं बोलणं मायक्रोफोनमधून कानात यायचं. एकट्याने ऐकणं उद्धटपणाचं वाटेल, अशी काळजी कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना होती. पुढच्या मॉडेल्समधून दोन्ही गोष्टी गेल्या. लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं. मग २००१मध्ये आयपॉड आला, आणि २०१६मध्ये आयफोनने हेडफोनचं भोकच काढून टाकलं. बाकीचे फोन त्याच वाटेने गेले आणि तारेच्या शौकिनाला डोंगल घेणं भाग पडलं.

दोन हजारांत इतका बरा आवाज कसा मिळतो, याचं उत्तर आपल्या कानाच्या रचनेत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका बाजूला पडद्याने बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठरावीक सुरात घुमते, तशी ही नळी ३,००० हर्ट्झच्या आसपास घुमते. त्यामुळे समोर बसून कोणी गात असेल तर त्या पट्टीतला आवाज पडद्यापर्यंत पोचेपर्यंत आपोआप वाढतो. मेंदू जन्मापासून त्याला सरावलेला असतो. इयरफोनने नळीचं तोंड बुजवलं की हा नैसर्गिक घुमारा बदलतो. म्हणून बनवणाऱ्याला ३,००० हर्ट्झजवळ मुद्दाम उंचवटा द्यावा लागतो. कमी दिला तर गायक चादरीआडून गातोय असं वाटतं, जास्त दिला तर डोकं दुखतं. हा उंचवटा किती असावा, बास किती असावा, यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२पासून पुढे अनेक श्रोत्यांना ऐकवून संशोधन केलं आणि ते प्रसिद्धही केलं. छंदातली माणसं ज्याला ‘हार्मन कर्व्ह’ म्हणतात तो हाच. उत्तर छापून आल्यावर चेंगदूच्या किंवा शेनझेनच्या छोट्या कारखान्यालाही ते गाठता येऊ लागलं. स्वस्त इयरफोन चांगले झाले त्यामागचं मोठं कारण मला हेच वाटतं.

पण हे सगळं फुकट जातं एका रबराच्या टोपीपायी. ज्याला ‘टिप’ म्हणतात ती कानात नीट बसली नाही, जराशी फट राहिली, तर बास तिथून गळून जातो आणि उरतो पत्र्यासारखा आवाज. लोक म्हणतात, ‘इयरफोन बेकार आहे,’ आणि दुसरा घेतात. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टिपा असतात. बहुतेकजण आधीपासून लावलेली मध्यम टिप कधी बदलतच नाहीत. दोन्ही कानांची भोकं सारखी असतील असंही नाही. एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात मोठी टिप लागणारी माणसं भरपूर आहेत. कान मागे-वर ओढून टिप आत सरकवायची, मग सोडायचं. बाहेरचा पंखा एकदम लांब गेल्यासारखा वाटला की बसली. शे-दोनशेच्या टिपांनी जो फरक पडतो तो पुढच्या पाच हजारांनी पडेलच असं नाही, हे मी नवशिक्या प्रत्येकाला सांगतो.

आता डोंगल आणि अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारा अँप्लिफायर. हेडफोनला किती जोर लागतो हे त्याचा विद्युतरोध आणि संवेदनशीलता यांवर ठरतं. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७चा गाजलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे, त्याला अँप शोभतो. आयईएम बहुधा १६ ते ३२ ओहमचे असतात. त्यांना हजार रुपयांच्या आतलं साधं डोंगल पुरतं, आणि त्यावर दहा हजारांचा डॅक (डिजिटल फाइलीचं विद्युत लहरींत रूपांतर करणारं यंत्र) लावून आवाजात फरक शोधणं म्हणजे पैशाची नासाडी. सीडीपेक्षा बारीक नमुने घेतलेल्या ‘हाय-रेझ’ फाइलींचंही तसंच. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा नमुनादर माणसाला ऐकू येणाऱ्या २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडतो, १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला बसतो. लोकलमध्ये तर त्यातलाही मोठा हिस्सा खडखडाटाखाली जातो. आणि महागडी केबल? ती दिसायला सुंदर असते. तेवढ्यासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्यावी.

प्रत्यक्ष ऐकून घ्यायचं तर आमच्याकडून लॅमिंग्टन रोडला जाता येतं. मुंबई सेंट्रलला फास्ट सोडायची, स्लो पकडून ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. पण दुकानात ऐकताना एक सापळा असतो. दोन इयरफोनपैकी किंचित मोठा वाजणारा नेहमी ‘जास्त मोकळा, जास्त भरलेला’ वाटतो. फरक इतका थोडा असतो की तो मोठा आहे हेही कळत नाही. म्हणून दोन्हींचा आवाज आधी कानाने सारखा करून घ्यावा, एकच गाणं, त्याच वीस-तीस सेकंदांचा तुकडा, पटापट बदलून ऐकावा. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांत पुसट होते. काल मित्राकडे ऐकलेल्याशी आज तुलना करण्यात अर्थ नाही.

पण तुलना करायची कशाशी? एका इयरफोनची दुसऱ्या इयरफोनशी तुलना करून इतकंच कळतं की ते वेगळे आहेत. कोणता खरा, हे त्यातून कळत नाही. इथे नंदाखालमध्ये राहणाऱ्याची मोठी सोय आहे. आमच्याकडे लग्नात अजून ब्रास बँड वाजतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल, सगळं उघड्यावर, माइकशिवाय, दहा पावलांवर. ट्रम्पेटच्या आवाजाला जी धार असते, तिला ‘टोचतो’ म्हणून मऊ करणारा इयरफोन कानाला गोड लागेल, पण तो खोटा आहे. मोठ्या ढोलावर ठोका पडला की आवाज छातीत बसतो आणि लगेच थांबतो. जो इयरफोन तो ठोका लांबवून गुंगवतो, त्याचा बास कितीही दणदणीत असो, तो ढोल नव्हे. लग्नघरी बायका एका सुरात गाणी म्हणतात, त्यात प्रत्येक गळा वेगळा ओळखू येतो. सोळाव्या शतकात स्थापन झालेल्या आमच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये कॉयरच्या सरावाला माइक बंद असतात तेव्हा जाऊन बसावं. ओळ संपल्यावर आवाज वर छताकडे जाऊन कसा विरतो ते ऐकावं. हेडफोनच्या भाषेत ज्याला ‘साउंडस्टेज’ म्हणतात ते खरं कसं असतं, ते तिथे कळतं. वाडीत केळीच्या पानांवर पडणारा पाऊस जाड थेंबापासून बारीक सळसळीपर्यंत सगळ्या पट्ट्या एकदम वाजवतो. त्याचं रेकॉर्डिंग सपाट ‘शूऽऽ’ वाटलं तर वरच्या पट्टीत गडबड आहे.

माझी स्वतःची कसोटी तानपुऱ्याची. जवारी लावलेल्या तारेतून उपस्वरांची जी झालर निघते, तिचं भौतिकशास्त्र सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१मध्येच मांडलं होतं. बास फुगवलेला इयरफोन ती झालर गिळून टाकतो आणि मागे नुसती गुणगुण उरते. मात्र जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर ही कसोटी लावू नये. १९२५मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गात आणि कर्ण्यातून गेलं तेवढंच तबकडीवर उतरे. चांगला हेडफोन तिथे फक्त खरखर जास्त स्पष्ट ऐकवतो.

राहिला प्रश्न लोकलच्या आवाजाचा. नायगाव-भाईंदरच्या मधल्या खाडीच्या पुलावर गाडी चढली की डबाभर जो घरघराट होतो तो बहुतांशी खालच्या पट्टीतला. आवाज उलटा करून आवाज मारण्याची कल्पना पॉल ल्यूग यांनी १९३०च्या दशकातच पेटंट केली. अमर बोस यांनी १९७८मध्ये विमानप्रवासात तिचा ध्यास घेतला आणि १९८९मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट आणला. ही युक्ती अशा घरघरीवर छान चालते, माणसांच्या बोलण्यावर कमी. घट्ट बसलेली टिप उलट वरच्या पट्ट्या जास्त अडवते. काहीच न अडवणारा इयरफोन असला की हात आवाज वाढवायला जातो, आणि खरा धोका तिथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, आणि दर ३ डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. विरार ते चर्चगेट फास्टने सुमारे एक तास वीस मिनिटं. जाऊन-येऊन, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला सोळा तास. त्या सोळा तासांना परवानगी साधारण ८४ डेसिबलपर्यंत, आणि तीही बाकी दिवसभर कानाला काही त्रास नसेल तर. ९० डेसिबलला फक्त चार तास मिळतात. म्हणजे सोमवार आणि मंगळवारची अर्धी फेरी झाली की आठवडा संपला. बऱ्याच फोनमध्ये आता हेडफोनच्या पातळीची नोंद ठेवली जाते. ती एकदा उघडून पाहावी.

वयाबरोबर वरची ऐकण्याची हद्दही उतरते. विशीतल्या समीक्षकाला ज्या इयरफोनची वरची पट्टी टोचते, ती पन्नाशीतल्या ग्राहकाला जाणवणारही नाही. म्हणून मोठी खरेदी करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री करून घ्यावी. नेहमीची तपासणी २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच असते, पण गळ्याच्या आणि बहुतेक वाद्यांच्या आवाजाचा मोठा भाग त्यातच येतो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. त्या आलेखात डाव्या-उजव्या कानात फरक दिसला, तर ‘गायक एका बाजूला सरकलाय’ म्हणून बदलून आणायला निघालेला इयरफोन घरी ठेवता येतो.