भागीदारी मोडताना

दोन भाऊ वेगळे होतात तेव्हा शेत, बैल आणि भांडी यांची वाटणी एका बैठकीत होते. वाद उरतो तो म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचे याचा. सरकारी खात्यांची भागीदारी मोडते तेव्हाही असेच घडते. मालमत्तेचा हिशेब लागतो, पण सांभाळण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. विषय रूक्ष आहे हे आम्हांस ठाऊक आहे; परंतु भंडारा जिल्ह्याने त्याची किंमत एकदा मोजलेली आहे, म्हणून तो आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दोन खाती मिळून एखादे काम करतात त्यात दोन प्रकारचे खर्च असतात. एक बांधणीचा आणि दुसरा निगेचा. बांधणीचा खर्च मोठा व एकदाच. त्याची कोनशिला बसते. निगेचा खर्च लहान, पण दरसाल. त्याची कोनशिला कोणी बसवीत नाही. करारात पहिल्या खर्चाचे प्रमाण काटेकोर लिहिलेले असते. दुसऱ्याचे बहुधा मोघम. एक भागीदार निघून गेला की हा मोघमपणा उघडा पडतो.

आपले तलावच पाहा. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी हे तलाव बांधले. मालगुजाराच्या देखरेखीखाली गावकरी पाळीवर माती टाकीत, तुडुमाची दुरुस्ती करीत, आणि त्या बदल्यात निस्तार हक्काने धानाला पाणी घेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ साली तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीसाठी अश्रू ढाळणारे आम्ही नव्हेत. वेठीचे दिवस गेले हे उत्तमच झाले. पण मालकीचा कागद बदलला त्या दिवशी पाळीवर माती कोण टाकणार, हा प्रश्न सुटला नव्हता. सरकारने पाणीपट्टी मागितली, गावाने निस्तार हक्क सांगितला, आणि या ओढाताणीत गाळ साचत राहिला. आज आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो. माजी मालगुजारीचे हे संक्षिप्त रूप गोड आहे. मात्र या भाच्यांना सांभाळणारा मामा बराच काळ सापडला नाही.

आता अलीकडचे एक उदाहरण. कोकण आपल्यापासून दूर असले तरी हिशेब जवळचा आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली भागीदारीने स्थापन झाले. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. पस्तीस वर्षांनी, २०२५ मध्ये, ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्राने संमती दिली. ती देताना दोन अटी घातल्या : ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे, आणि राज्याने घातलेली सुमारे चारशे कोटींची रक्कम परत मिळावी. दोन्ही अटी रास्त आहेत. परंतु आमच्यासारखा संघटनेचा माणूस लगेच तिसरे कलम शोधतो. कामगारांची सेवाज्येष्ठता, बढती आणि निवृत्तिवेतन यांचे काय? भांडवल परत मिळते, तशी नोकरीची वर्षे परत मिळत नाहीत.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २५ एफ्एफ् हे कलम होते. उद्योगाची मालकी वा व्यवस्था दुसऱ्याकडे गेली, तर वर्षभर सलग सेवा केलेल्या कामगाराला नोटीस व भरपाई मिळावी. मात्र सेवेत खंड पडला नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट झाल्या नाहीत आणि मागील सेवेची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, तर भरपाईचा प्रश्न उरत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व कायम आहे. अडचण आहे ती पुराव्याची. दोन संस्थांनी मिळून चालविलेल्या एका पाणीपुरवठा योजनेवर आम्ही हे पाहिले. एक संस्था बाजूला झाली. पंप चालविणारे सहा गडी पगार मागायला गेले, तेव्हा ही म्हणे तुमचे मस्टर तिकडे, आणि ती म्हणे इकडे. योजना दोघींची होती. माणसे मात्र कोणाचीच नव्हती.

आता गोसीखुर्दकडे येऊ. १९८८ साली या धरणाची पायाभरणी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा; पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प म्हणून केंद्राने ९० टक्के भार उचलण्याचे ठरले, आणि नंतर हे प्रमाण ६०:४० वर आले. करारातील आकडे बदलले, तरी ज्यांचे गाव पाण्याखाली गेले त्यांचे नुकसान तेवढेच राहिले. आता याच जलाशयावर राज्य शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. बोटी येतील, धक्के बांधले जातील. आमचा विरोध नाही. विस्थापितांच्या मुलांना काम मिळाले तर आनंदच आहे. परंतु पाणी एका खात्याचे, पर्यटन दुसऱ्याचे आणि बोट कंत्राटदाराची, अशी ही मांडणी होऊ शकते. दहा वर्षांनी त्यातला एक जण निघून गेला तर धक्क्याची फळी कोण बदलेल, आणि नावाड्याचा पगार कोण देईल?

म्हणून आमचे मागणे एवढेच, की करार मोडण्याची रीत करार करतानाच लिहावी. निघणाऱ्याने पुरे एक आर्थिक वर्ष आधी कळवावे. जाण्यापूर्वी दोघांनी मिळून बांधकामाची पाहणी करावी व राहिलेली दुरुस्ती जाणाऱ्याच्या खाती धरावी. निगेसाठी वेगळी ठेव पहिल्या दिवसापासून असावी. आणि कामगारांची नावे, रुजू झाल्याच्या तारखांसह, कराराला जोडावीत, म्हणजे पुढे मस्टर शोधत फिरावे लागणार नाही. मामा तलावांच्या वेळी हे कोणी लिहून ठेवले नाही. गोसीखुर्दची पहिली बोट पाण्यात उतरण्यापूर्वी ते लिहून घेणे आपल्या हाती आहे.