गुडघ्यातले वंगण आणि बाजारातली सुई

ॲसिड म्हटले की आमच्या माणसांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? संडास घासायची बाटली, सोललेली बोटे आणि घशात बसणारा वास. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या एक मावशी हातात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाळा, गुडघ्यात ॲसिड भरायचं म्हणतोय डाक्टर. हाडं नाही ना जळायची?", तेव्हा आम्हाला हसू आले नाही. ज्या बाईने तीस वर्षे लोकांच्या घरी ॲसिडने मोऱ्या धुतल्या, तिने हाच प्रश्न विचारायला हवा होता.

मावशी साठीच्या घरात आहेत. चार घरची धुणीभांडी आणि लादी पुसणे. लादी पुसायची म्हणजे उकिडवे बसायचे आणि मागे मागे सरकायचे. आता जिना उतरताना कळ येते, बसले की उठवत नाही. एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढला. "गुडघ्यातले वंगण संपले आहे, तीन इंजेक्शने घ्या," असे सांगण्यात आले. खर्च मावशींच्या दोन महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त. चिठ्ठीवर नाव होते हायल्युरॉनिक ॲसिड.

आधी मावशींची भीती दूर करू. हे ॲसिड जाळत नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबात ते आम्ल असले, तरी शरीरात ते मऊ, चिकट, बुळबुळीत गरासारखे असते. दोन प्रकारच्या साखरेचे मणी एकाआड एक ओवून केलेली ती लांबच लांब माळ आहे. एका माळेत असे हजारो मणी असतात. ही माळ पाण्यात फुलते आणि आपल्याभोवती पुष्कळ पाणी धरून ठेवते. तिचे बहुतेक सगळे काम या एका गुणावर चालते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात हा पदार्थ अवघा पंधरा ग्रॅमच्या आसपास असतो. त्यातला जवळजवळ निम्मा कातडीत, उरलेला सांध्यात, डोळ्यात आणि ठिकठिकाणी पेशींच्या मधल्या जागेत. जन्मणाऱ्या बाळाच्या नाळेतला जो बुळबुळीत गर असतो, त्यातही तो भरपूर असतो. नाळेतल्या रक्तवाहिन्यांना पीळ पडून रक्त अडू नये म्हणून तो गर गादीसारखा काम करतो. गावोगावच्या ज्या सुईणींनी पिढ्यान् पिढ्या नाळा कापल्या, त्यांच्या बोटांना हा पदार्थ चांगला ओळखीचा होता. नाव मात्र पुढे प्रयोगशाळेत पडले.

ती प्रयोगशाळा होती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. होय, बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले तेच विद्यापीठ. तिथे कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक गरातून हा पदार्थ वेगळा काढला. ग्रीक भाषेत काचेला जो शब्द आहे, त्यावरूनच त्याचे नाव आले. पुढे अनेक वर्षे तो कोंबड्याच्या तुऱ्यातून काढला जाई. आता बहुतांशी कारखान्यात जिवाणू वाढवून तयार होतो. सोवळ्याओवळ्याच्या घरात महागड्या क्रीमची जी डबी असते, तिच्यातल्या पदार्थाचा पूर्वेतिहास गाईच्या डोळ्यापर्यंत आणि कोंबड्याच्या तुऱ्यापर्यंत जातो, एवढी नोंद आम्ही जाता जाता करून ठेवतो.

आता मावशींचा गुडघा. दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मधल्या पोकळीत थोडासाच, चमचाभरही नव्हे, असा द्रव असतो. सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी त्यात हायल्युरॉनिक ॲसिड सोडतात, म्हणून तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट लागतो. सावकाश हालचाल असेल तेव्हा हा द्रव दाट राहतो, चालण्याचा वेग वाढला की पातळ होऊन घर्षण कमी करतो, आणि उडी मारली, पाय आपटला, तर रबरासारखा दणका सोसतो. खुद्द कूर्चेच्या आतही याच माळेला दुसरी प्रथिने लगडलेली असतात. ती पाणी धरून ठेवतात, म्हणून कूर्चा दाबली तरी पुन्हा फुगते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण या द्रवातूनच होते, आणि तो आत-बाहेर होतो तो सांध्याच्या हालचालीने. गुडघा दुखतो म्हणून खाटेवर पडून राहणे याच कारणाने वाईट.

गुडघ्याची झीज सुरू झाली की द्रवातले हायल्युरॉनिक ॲसिड विरळ होते आणि त्याच्या माळा आखूड होतात. हे खरे आहे. यावरूनच कल्पना निघाली की बाहेरून सुईने भरावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ साली या उपचाराला परवानगी दिली आणि मग जगभर त्याचा धंदा वाढला. पण गुडघा म्हणजे मोटारीचे इंजिन नव्हे. शरीर या पदार्थाची मोडतोड आणि नवनिर्मिती अखंड करत असते. अंगातल्या पंधरा ग्रॅमपैकी सुमारे एक तृतीयांश दररोज मोडून नव्याने बनतो. सुईने भरलेला मालही मग असा किती दिवस टिकणार? भरलेले वंगण वर्षभर तिथेच बसून राहते, असे जे रुग्णाला वाटते किंवा वाटू दिले जाते, ते खरे नाही.

मग उपयोग किती? २०२२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एकवीस हजारांवर रुग्णांची माहिती होती. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत खऱ्या इंजेक्शनाने खोट्या इंजेक्शनापेक्षा वेदना किती जास्त कमी झाली? शंभराच्या मोजपट्टीवर फक्त दोन अंश. रुग्णाला जाणवेल असा हा फरक नाही. उलट गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत थोडे अधिक दिसले. काही रुग्णांना बरे वाटते हे आम्ही नाकारत नाही, आणि सुई देणारा प्रत्येक डॉक्टर लुटारू आहे असेही आमचे म्हणणे नाही. पण दोन महिन्यांची कमाई मागताना हा दोनाचा आकडा मावशींना कुणी सांगितला होता काय? सही घेतली, आकडा सांगितला नाही. याला आमचा आक्षेप आहे.

हा पदार्थच फसवा आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्याने मोठी क्रांती केली. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवताना बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नाजूक पेशी खरवडल्या जाऊ नयेत म्हणून त्याचा गर भरतात आणि काम झाले की काढून घेतात. १९८० च्या सुमारास हे तंत्र रूढ झाले. आज त्याच कामासाठी स्वस्त पर्यायही वापरात आहेत. आणि गंमत पाहा, सापाच्या विषातही या माळा तोडणारे एक विकर असते. पेशींमधला चिकट अडथळा त्याने विरघळतो आणि विष पसरायला वाट मिळते.

चेहऱ्याच्या क्रीमविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लांब माळ कातडीच्या वरच्या थरातून आत उतरत नाही. वर बसून ओलावा धरते, बस्स. ते काम ग्लिसरीनही करते.

मावशींना आम्ही सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या व्यायामोपचार विभागातल्या बाईंनी मांडीचे स्नायू बळकट करण्याचे तीन व्यायाम शिकवले, वजन थोडे उतरवायला सांगितले, उकिडवे बसणे बंद करा म्हणाल्या. व्यायाम मावशी रोज करतात, दुखणे थोडे कमी आहे. उकिडवे बसणे बंद करायचे तर लांब दांड्याचा पोछा हवा. चार घरी त्यांनी तो मागितला. दोन घरांनी आणला. उरलेल्या दोन घरच्या बाईसाहेबांचे म्हणणे असे की, हाताने पुसल्याशिवाय लादी निघत नाही.