अंतर नकाशावरचे आणि रुग्णाचे

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना आपण सहज विचारतो, 'किती किलोमीटर?' हा प्रश्न अपुरा का आहे, हे समजण्यासाठी मी वाचकांना उत्तर ध्रुवाजवळच्या दोन विमानतळांकडे नेऊ इच्छितो.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन हे सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव 78 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथील विमानतळ 1975 साली सुरू झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात समुद्र गोठला की बोटी बंद पडत आणि गावाचा जगाशी संबंध जवळजवळ तुटे. गावात छोटे रुग्णालय आहे. मोठे विद्यापीठ रुग्णालय मात्र मुख्य भूमीवर, ट्रॉम्सो येथे.

दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत साडेआठ अंशांहून किंचित अधिक फरक आहे. एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, आणि सागरी मैल 1.852 किलोमीटरचा. मार्ग थोडा तिरपा असल्याने अंतर सुमारे 960 किलोमीटर भरते. ग्वाल्हेर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतरही जवळपास एवढेच. पण ग्वाल्हेर-मुंबईच्या मध्यावर इंदूरसारखे शहर आहे. तिकडे मध्यावर, हवामान केंद्रापुरती वस्ती असलेले बेअर बेट आणि चहूकडे समुद्र.

प्रवासी जेट विमान हे अंतर दीड ते पावणेदोन तासांत कापते. आता हृदयविकाराचा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. निदानापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध तेथेच द्यावे, असा प्रस्थापित संकेत आहे. वेळापत्रक पाहून वाटेल, की रुग्ण वेळेत पोहोचेल. परंतु मुख्य भूमीवरून रुग्णविमान बोलवायचे, तर ते आधी तिकडे जाणार. पंख्याच्या विमानाचा वेग ताशी 500 किलोमीटर धरला, तरी जाण्यास दोन तास आणि येण्यास दोन तास. वैमानिकांची सिद्धता, रुग्णाला विमानात घेणे, दोन्हीकडचा रस्ता हे मिळवले, की पाच तास सहज उलटतात. वादळ असेल तर त्याहून अधिक. म्हणून औषधाचा निर्णय गावातच घ्यावा लागतो.

प्रसूतीबाबत तेथील व्यवस्था याच विचाराची आहे. अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन आठवडे आधी गर्भवती स्त्रिया मुख्य भूमीवर जातात. जेथे ऐनवेळी तास वाचवता येत नाहीत, तेथे दिवस आधीच काढून ठेवावे लागतात.

आपल्याकडे समुद्र नाही. पण तालुक्याच्या गावी रुग्णवाहिका शहरातून मागवली, तर हिशेब तोच. जाणे, उचलणे, येणे, दाखल करणे हे चारही टप्पे मोजले पाहिजेत. माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे, की आपल्या दवाखान्यातून होणारा हा पूर्ण प्रवास एकदा दिवसा आणि एकदा रात्री घड्याळ लावून मोजावा, आणि तो आकडा टेबलाच्या काचेखाली ठेवावा. औषध येथेच द्यावे की रुग्ण पुढे पाठवावा, हे त्या आकड्यावरून ठरते.