संगणकातील नावांचा गुंता

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे रेल्वे स्थानक तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. सुरत-भुसावळ मार्गावरील या स्थानकातून महाराष्ट्र व गुजरात यांची सीमारेषा जाते. फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात, तर अर्धा दुसऱ्यात! येथे गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिली जाते. येणारी गाडी मात्र एकच असते.

संगणकाच्या पोटातही काहीसे असेच आहे. प्रोग्रॅम आपण सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान, रस्ट अशा कोणत्याही भाषेत लिहितो. कंपायलर त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतो, आणि या आज्ञा म्हणजे नुसते आकडे. प्रत्येक आज्ञेला स्मृतीमध्ये एक क्रमांकाचा पत्ता असतो. यंत्राला तेवढा पुरतो, नावाशी त्याला कर्तव्य नसते.

पण प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर? यंत्र फक्त एवढेच सांगते की, अमुक क्रमांकाच्या पत्त्यावर बिघाड झाला. माणसाने यावरून काय समजावे? म्हणून कंपायलर पत्ते आणि नावे यांची एक यादी मागे ठेवतो. तिला सिंबॉल टेबल म्हणतात. डीबगर, म्हणजे चूक शोधण्याचे साधन, ही यादी वाचून आपल्याला नाव सांगते.

अडचण सुरू होते ती येथे. सी भाषेत ‘बेरिज’ नावाचे फलन लिहिले तर यादीत तेच नाव जसेच्या तसे येते. फोर्ट्रानचे बहुतेक कंपायलर सर्व अक्षरे लहान लिपीत करून शेवटी एक खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, जोडतात. सी प्लस प्लसमध्ये तर एकाच नावाची दोन फलने चालतात: एक पूर्णांकांची बेरीज करणारे, दुसरे दशांश अपूर्णांकांची. मग यादीत ती वेगळी कशी ओळखायची? कंपायलर नावातच सगळी माहिती कोंबतो. आधी अंडरस्कोर व झेड, मग नावातील रोमन अक्षरांची संख्या ५, मग ‘बेरिज’, आणि शेवटी दोन पूर्णांकांसाठी दोनदा आय. अपूर्णांक असतील तर दोनदा डी. हे नाव उलगडून पुन्हा वाचनीय करण्याचे काम साधनाने करायचे.

रस्ट भाषेने सुरुवातीला हीच सी प्लस प्लसची धाटणी उचलली. तिचीही नावे अंडरस्कोर-झेडनेच सुरू होत. शेवटी मात्र एच आणि १६ अंकाक्षरांचे शेपूट असे. केवळ सुरुवात पाहून निर्णय घेणारे साधन त्यांना सी प्लस प्लसची नावे समजे आणि शेपटासकट छापून मोकळे होई. पुढे रस्टने अंडरस्कोर-आर अशी स्वतःची खूण ठरवली.

तेव्हा नुसत्या नावावरून भाषा ओळखणे धोक्याचे. यासाठी ‘ड्वार्फ’ या प्रमाणित पद्धतीत कंपायलर प्रत्येक भागासोबत भाषेचा क्रमांक लिहून ठेवतो. सी प्लस प्लसचा ४, फोर्ट्रान ७७ चा ७, रस्टचा २८. (ड्वार्फ म्हणजे बुटका. ही माहिती ज्या प्रकारच्या फाइलीत राहते तिचे नाव ‘एल्फ’, म्हणजे परीकथेतला चिमुकला जीव. संगणकतज्ज्ञांनाही थट्टा सुचते!)

भाषेचा प्रश्न नावापाशी संपत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ महासंगणक बसवण्यात आला. अशा यंत्रांवर चालणारी हवामानाची गणिते मुख्यतः फोर्ट्रानमध्ये असतात, आणि जोडीला काही भाग सीमध्ये. समजा, नंदुरबार जिल्ह्याचे ६ तालुके सहा ओळींत व ५ दिवस पाच स्तंभांत मांडून पावसाचा तक्ता केला. स्मृतीत हे ३० आकडे एकापुढे एक बसतात. सी ते ओळीओळीने ठेवते, म्हणून दुसरा आकडा पहिल्या तालुक्याच्या दुसऱ्या दिवसाचा. फोर्ट्रान स्तंभास्तंभाने ठेवते, म्हणून तोच आकडा दुसऱ्या तालुक्याच्या पहिल्या दिवसाचा! शिवाय सीमध्ये मोजणी शून्यापासून, तर फोर्ट्रानमध्ये एरवी एकापासून. डीबगरने भाषा चुकीची धरली तर अक्कलकुव्याचा पाऊस नवापूरच्या नावावर दिसेल. प्रोग्रॅम बरोबर असूनही तपासणारा माणूस नसलेली चूक शोधत बसेल, आणि असलेली तशीच राहील. पथारीवर मिरची वाळत घातलेल्या व्यापाऱ्याला अंदाज हवा असतो तो वेळेवर.

शाळेच्या संगणकावर लिनक्स व त्यावर सी प्लस प्लसचा कंपायलर असेल, तर शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करा. सी, दोन अधिक चिन्हे आणि एफ-आय-एल-टी ही आज्ञा द्या. मग वर सांगितलेले लांबलचक नाव लहान रोमन अक्षरांत टंकित करा (झेड मात्र मोठे), ‘बेरिज’ची अक्षरे बी-ई-आर-आय-जे. कंसात दोन पूर्णांक असलेले फलन उत्तरात दिसेल. आता ५ च्या जागी ६ लिहून पाहा. फलनाचे नाव बदलेल आणि कंसात एकच पूर्णांक उरेल. असे का झाले, ते वहीत लिहा.