व्योमकेशच्या आधीचा व्योमकेश

रहस्यकथा म्हटली की शिकलेली मंडळी नाक मुरडतात. मुरडोत बापडी! 'पूर्वकथा' हा प्रकार मला कळला तो व्योमकेश बक्षीमुळे.

बासू चटर्जी यांची ही हिंदी मालिका १९९३ साली दूरदर्शनवर आली. आमच्या शिरपुरात राहून मी ती अलीकडे मोबाईलवर पाहिली. तिचा आरंभ 'सत्यान्वेषी' या कथेने होतो. कलकत्त्याची एक मेस, तेथे राहणारा अजित आणि अतुल असे खोटे नाव सांगून त्याच्या खोलीत आलेला तरुण. लेखकाने येथूनच सुरुवात केली असेल असे कुणालाही वाटेल. पण तसे नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली दोन कथा लिहिल्या, त्यांत हे दोघे एकत्र राहतच होते. ते भेटले कसे, हे १९३३ मध्ये तिसऱ्या कथेत आले!

आता गंमत पाहा. पोलीस अतुलवर संशय घेतात, तेव्हा आधीच्या कथा वाचलेल्याला भीती वाटतच नाही. हा कोण असणार ते तो ओळखतो. म्हणजे पूर्वकथेत पुढचे ठाऊक असलेल्या वाचकाला धरून ठेवायचे असते. त्यासाठी 'गुन्हेगार कोण' याच्या जोडीला 'हा माणूस घडला कसा' हा प्रश्न लागतो. इंग्लंडच्या लिंडा ला प्लांट यांनी तेच केले. त्यांच्या 'प्राइम सस्पेक्ट' या १९९१ च्या मालिकेतील जेन टेनिसन मोठी पोलीस अधिकारी आहे. २०१५ च्या 'टेनिसन' कादंबरीत तीच १९७३ सालची बावीस वर्षांची उमेदवार शिपाई आहे.

'सत्यान्वेषी'त मात्र व्योमकेश तयार होऊनच येतो. त्याचे बालपण फार उशिरा, दुसऱ्याच एका कथेत कळते. वडील शाळेत गणित शिकवीत. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील दोघेही गेले. पुढे तो शिष्यवृत्तीवर शिकला. बस, एवढेच. शरदिंदु १९५२ पासून पुण्यास राहत, त्या काळातले हे लिखाण.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेले नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म, खोलीभाडे, डबा यांचा हिशेब मला ठाऊक आहे. म्हणून खुनापेक्षा मला तो पोरका मुलगा अधिक दिसतो. तो कुठे जेवत असेल? माणसे ओळखायला त्याला कोणी शिकवले? माझ्या मते खरी पूर्वकथा ती होती. शरदिंदूंनी ती लिहिली नाही. १९७० साली ते वारले, तेव्हा व्योमकेशची शेवटची कथाही अपुरीच होती.